वाटीमागचं दुखणं आणि ‘झोपलेला’ व्हीएमओ: एका फिजिओचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. वय ३१, बसून काम, आठवड्यातून तीन दिवस धावणं आणि रविवारी सिंहगड. चार महिन्यांपासून दोन्ही गुडघ्यांच्या वाटीमागे दुखतंय, उजवीकडे जास्त. चढताना सोसवतं, उतरताना त्रास होतो. मीटिंग लांबली की टेबलाखाली पाय लांब करावासा वाटतो. खाली बसून उठताना कळ येते. मार लागलेला नाही, सूज नाही, गुडघा अडकत नाही. एमआरआयवर ‘कॉन्ड्रोमलेशिया, ग्रेड १’, म्हणजे वाटीमागची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) जराशी मऊ झालीय, एवढंच लिहिलंय. तुम्हाला सांगितलं गेलं की मांडीचा आतला स्नायू, म्हणजे व्हीएमओ, झोपलाय. म्हणून दोन महिने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, सरळ पाय उचलणं, शेक आणि मसल स्टिम्युलेटर (विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आवळणारं यंत्र) हे सगळं झालं, पण फरक जवळजवळ नाही. आता तुम्ही विचारताय की हा स्नायू जागा करायचा खात्रीचा व्यायाम कोणता, आणि पावसाळ्यात ट्रेक जमतील का.

एक स्नायू झोपलाय, तो उठला की दुखणं जाईल, असं तुम्ही प्रश्नातच धरून चालला आहात. मला तुमची अडचण जरा वेगळी दिसते. तुमच्या मांडीची जेवढी तयारी आहे त्यापेक्षा धावणं आणि गड उतरणं तिच्याकडून जास्त मागतंय, आणि गेल्या दोन महिन्यांत तिची तयारी वाढेल असं एकही काम तिला मिळालेलं नाही. टॉवेल दाबणं चुकीचं नव्हतं, पण पहिल्या आठवड्याचा व्यायाम तुम्ही नवव्या आठवड्यातही करताय.

गुडघ्याला हात न लावता मी लिहितेय, त्यामुळे काही गोष्टी गृहीत धराव्या लागणार. वाटी कधी निखळली होती का, सांधे जन्मतःच सैल आहेत का, पावलं खूप सपाट आहेत का, खुब्यात ताकद किती, यावर तपशील बदलतात. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: दुखणं सुरू होण्याआधीच्या महिना-दीड महिन्यात धावण्याचे किलोमीटर किती वाढवले होते? माझ्याकडे येणाऱ्या धावपटूंमध्ये निम्मं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता व्हीएमओकडे वळू, कारण त्याच्याबद्दल सांगितलं गेलेलं सगळंच खोटं नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा स्नायू आहे. चारही भाग खाली येऊन वाटीला धरतात आणि वाटीखालचा जाड पट्टा नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते, तिच्यातून वाटी वर-खाली सरकते. आतल्या भागाचे सगळ्यात खालचे तंतू मांडीच्या रेषेशी ५० ते ५५ अंशांचा कोन करून तिरके येतात. हाच व्हीएमओ. तो वाटीला आतल्या बाजूला ओढून धरतो, आणि बाहेरचा मोठा स्नायू तिला बाहेरच्या बाजूला खेचतो. गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटी खाचेच्या वरच असते. साधारण २० ते ३० अंश वाकल्यावर ती खाचेत नीट बसते आणि मग हाडाच्या कडाच तिला सांभाळतात. म्हणजे सुरुवातीच्या त्या थोड्या टप्प्यात आतल्या ओढीला खरंच महत्त्व आहे.

१९६८ साली लीब आणि पेरी या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या पायांवर, स्नायूच्या प्रत्येक भागाला वेगवेगळा ताण देऊन मोजमापं घेतली. व्हीएमओ एकट्याने गुडघा सरळ करूच शकत नाही, त्याचं काम वाटी जागेवर ठेवणं हे आहे, असं त्यांना दिसलं. गुडघा सरळ करतानाच्या शेवटच्या १५ अंशांना सुमारे ६० टक्के जास्त जोर लागतो, हेही त्यांनीच मोजलं, आणि तो जोर सगळ्या क्वाड्रिसेप्सचा असतो. तरीही ‘शेवटचे काही अंश म्हणजे व्हीएमओ’ ही समजूत आजही कित्येक क्लिनिकमध्ये जिवंत आहे. पलंगाच्या कडेला बसून, घोट्याला वजन बांधून पाय पूर्ण ताठ करायला लावतात, तो व्यायाम याच समजुतीतून येतो. तुमच्यासारख्या गुडघ्याला तो का बोचतो ते पुढे सांगते.

१९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांनी वाटीला टेप लावून, वेदना कमी करून, त्या अवस्थेत मांडीला पुन्हा शिकवण्याची पद्धत मांडली. आपल्याकडच्या फिजिओंमध्ये व्हीएमओची कीर्ती पसरली ती मुख्यतः या पद्धतीमुळे. पुढे स्नायूवर इलेक्ट्रोड लावून तो कधी चालू होतो हे मोजणं सुरू झालं. मेलबर्नच्या सॅली कोवन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की पायऱ्या चढता-उतरताना वाटी दुखणाऱ्यांमध्ये व्हीएमओ बाहेरच्या स्नायूपेक्षा उशिरा चालू होतो. हा उशीर मिलिसेकंदांचा असतो, हाताला जाणवणारा नव्हे. तपासताना कोणी बोट ठेवून ‘बघा, हा उशिरा येतोय’ असं सांगितलं तर सौम्यपणे दुर्लक्ष करा. त्याच गटाने २००२ मध्ये फिजिओथेरपीनंतर हा उशीर कमी झाल्याचं दाखवलं. त्याच वर्षी के क्रॉसली यांनी ७१ रुग्णांवरच्या चाचणीत आठवड्याला एक अशा सहा भेटींच्या उपचाराचा बनावट उपचारापेक्षा स्पष्ट फायदा दाखवला. मात्र त्या सहा भेटींत टेप होती, वाटी हलवणं होतं, मांडीचे आणि खुब्याचे व्यायामही होते. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या व्हीएमओला देता येत नाही.

शिवाय इतर काही प्रयोगशाळांना असा उशीर दिसलाच नाही. सगळी मोजमापं एकत्र पाहिली तर उशिराकडे कल आहे, पण माणसामाणसांत प्रचंड फरक. वाटी दुखणाऱ्या अनेकांत उशीर नसतो, आणि ज्यांचं काहीच दुखत नाही अशा काहींत असतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने आणखी बारकाईने पाहिलं. उशीर आणि वाटीचं तिरपं होणं यांचा संबंध त्यांना फक्त अशाच रुग्णांत सापडला, ज्यांची वाटी खरोखर मार्ग सोडून सरकत होती. बाकीच्यांत नाही. तुमच्या एमआरआयमध्ये वाटी सरकल्याचा किंवा तिरपी असल्याचा उल्लेख नाही.

मग आधी काय होतं, उशीर की दुखणं? दोन्ही दिशांना पुरावा आहे, आणि मला ही गोष्ट उपचाराच्या दृष्टीने फार कामाची वाटते. २००९ मध्ये पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या वाटीखालच्या चरबीच्या गादीत तीव्र मिठाचं पाणी टोचून तात्पुरतं दुखणं निर्माण केलं, तर स्नायूंची वेळ लगेच बिघडली. त्याआधी १९८४ मध्ये दिसलं होतं की निरोगी गुडघ्यात नुसतं २० ते ३० मिलिलिटर पाणी भरलं तरी आतला स्नायू दबतो. बाकीचे भाग दबायला ५० ते ६० मिलिलिटर लागतं. म्हणजे दुखणं आणि पाणी हीच मांडीचा आवाज बंद करणारी कारणं असू शकतात. उलट बाजूने, २००९ मध्येच बेल्जियमच्या डॅमियन व्हॅन टिगेलन यांनी सैन्यात नव्याने भरती झालेले, गुडघे न दुखणारे तरुण तपासून ठेवले. सहा आठवड्यांच्या खडतर प्रशिक्षणानंतर ज्यांना वाटीचं दुखणं लागलं, त्यांच्यात उशीर आधीपासूनच जास्त होता.

हे वाचताना मला आपली पोलीस भरतीची मुलं आठवतात. जाहिरात निघाली की काल-परवापर्यंत बाइकवर फिरणारा मुलगा डांबरी रस्त्यावर रोज १६०० मीटर वेळ लावून धावायला लागतो, वर संध्याकाळी बैठका. तीन आठवड्यांत वाटी धरून माझ्याकडे येतो. त्याच्या स्नायूची वेळ मिलिसेकंदाने चुकत असेलही. पण त्याच भरतीतला, वर्षभर शेतावर राबलेला दुसरा मुलगा तेवढंच धावून ठणठणीत असतो. फरक बहुतेक वेळा तयारीचा निघतो.

‘फक्त व्हीएमओ’साठी वेगळा व्यायाम आहे का, या तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: मला माहीत असलेल्या कुठल्याही व्यायामाने तो एकटा वेगळा काढता येत नाही. पाऊल बाहेर वळवून पाय उचलणं, गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून बैठक मारणं, मांडी आत फिरवणं, सगळं मोजून झालंय. अशा युक्त्यांनी आतला स्नायू बाहेरच्यापेक्षा जास्त काम करतो असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. चारही भागांना मांडीतली एकच फिमोरल नस चालवते. एकाच मेन स्विचवरचे चार दिवे आहेत असं समजा. खास व्हीएमओचा कार्यक्रम आणि साधा, सगळ्या मांडीचा कार्यक्रम यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा दोन्ही गट सुधारले. मांडी ताकदवान झाली की व्हीएमओही होतो, तुम्ही त्याचं नाव घ्या अथवा न घ्या.

यावरून ‘स्नायू चालू करणं’ ही कल्पनाच टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. काही गुडघ्यांत मांडी खरोखर बंद पडते आणि तिथे पहिलं काम तेच असतं. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर, वाटी निखळल्यानंतर, सांध्यात पाणी असताना. घरी तपासायला सोपं आहे. पाय लांब करून बसा, मांडी आवळा आणि ताठ पाय वीतभर उचला. उचलताना गुडघा किंचित वाकून टाच मागे राहते का? दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. तशी टाच पडत असेल, किंवा वाटीच्या आतल्या बाजूची खोलगट जागा भरून फुगीर दिसत असेल, तर टॉवेल दाबणं, सरळ पाय उचलणं, अगदी स्टिम्युलेटरसुद्धा योग्य आहे. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर स्टिम्युलेटरचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. तुम्ही आठवड्याला तीन दिवस धावताय, सूज नाही. तुमची टाच पडत असेल असं मला वाटत नाही. पडत नसेल तर तुमचा स्नायू जागा आहे, आता त्याला कामाला लावू.

यंत्रांबद्दल थोडक्यात. २०१९ साली अमेरिकी फिजिओथेरपी संघटनेने वाटीच्या दुखण्यासाठी मार्गदर्शिका काढली. त्यात या दुखण्यासाठी अल्ट्रासाऊंड, लेसर, विजेचं उद्दीपन, तसंच व्हीएमओचा आलेख पडद्यावर दाखवून व्यायाम करून घेणं, या सगळ्याला स्पष्ट नकार आहे. होकार आहे तो खुबा आणि गुडघा या दोन्हींच्या व्यायामाला. शेक घेऊन बरं वाटत असेल तर घरी गरम पाण्याची पिशवी आहेच, त्यासाठी कामावरून अर्धी सुट्टी घालवू नका.

आता व्यायाम. कोणता कोन निवडायचा याला इथे फार महत्त्व आहे. उभं राहून गुडघा वाकवता तेव्हा जितकं खाली जाल तितका वाटीवरचा दाब वाढत जातो. सुरुवातीचे ४५ अंश त्यामानाने सौम्य असतात. खुर्चीत बसून पाय सरळ करता तेव्हा गणित उलटं होतं. ९० पासून ४५ अंशांपर्यंत दाब सोसण्यासारखा असतो. तिथून पुढे पाय ताठ होत जातो, घोट्यावरच्या वजनाचा भार वाढतो, आणि वाटी व मांडीचं हाड यांचा एकमेकांना टेकलेला भाग कमी कमी होत जातो. कमी जागेवर जास्त दाब, म्हणून बोचतं. वजन बांधून शेवटचे अंश ताठ करणं दुखऱ्या वाटीला सुरुवातीला झेपत नाही ते यामुळे. तेव्हा उभ्याने ० ते ४५ आणि बसून ९० ते ४५, एवढ्या पट्ट्यात वजन घ्या. त्रास ओसरला की पट्टा रुंद करत जायचं. हे निर्बंध कायमचे नाहीत.

जिम असेल तर लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शन ही दोन यंत्रं तुमच्या कामाची. लेग एक्स्टेन्शनला बरेच ट्रेनर ‘गुडघ्याचा शत्रू’ म्हणतात, पण वर सांगितलेल्या कोनात तो मांडीचा उत्तम मित्र आहे. घरी असाल तर भिंतीला पाठ टेकवून अर्धी बैठक धरा, पाठीला ट्रेकची सॅक लावून अर्ध्या बैठका काढा, आणि जेवायच्या पाटावरून एक पाय सावकाश खाली सोडून टाच टेकवा, पुन्हा वर या. पाट सोपा झाला की जिन्याची पायरी. उतरताना तीन सेकंद घ्या. गड उतरताना मांडीला हेच करावं लागतं, लांबत जाताना शरीर रोखून धरायचं. गुडघा आत कलंडतोय का हे आरशात पाहा, पण थोडा कलला म्हणून घाबरू नका.

किती? एक दिवस आड, आठवड्यातून तीनदा. ८ ते १२ वेळा, असे तीन सेट, आणि वजन एवढं की शेवटचे दोन काढताना चेहरा वाकडा व्हावा. तिसाव्या वेळेपर्यंत गप्पा मारत करता येणारा व्यायाम सवयीसाठी ठीक आहे, ताकदीसाठी नाही. १२ वेळा सहज जमलं की सॅकमध्ये आणखी एक पाण्याची बाटली. बहुतेक कार्यक्रम इथे फसतात. रुग्ण नेमाने करतो, पण वजन वाढवायला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

दुखणं आलं तर? शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालेल, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असावा. सकाळी जास्त कुरकुरत असेल तर वजन थोडं उतरवा, पूर्ण बंद करू नका. ‘दुखेल ते करू नका, जिने बंद, खाली बसणं बंद’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. काही दिवसांसाठी ठीक, पण सहा महिने पाळला तर मांडी आणखी बारीक होते आणि मग साध्या पायऱ्याही भारी पडतात.

खुब्याचे व्यायाम मांडीच्या बरोबरीने करा. कुशीवर झोपून वरचा पाय मागच्या रेषेत उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि मग तेच एका पायावर, घोट्यांभोवती रबरी पट्टा घालून बाजूला चालणं. गुडघा फार चिडलेला असेल तेव्हा मी सुरुवात इथूनच करते, कारण वाटीवर भार न टाकता काम मिळतं आणि दुखणं लवकर थोडं खाली येतं. फक्त मांडीच्या व्यायामापेक्षा दोन्ही मिळून केलेलं बरं, असं वर सांगितलेली मार्गदर्शिकाही म्हणते.

टेप लावायची का? लावून पाहा. पायरी उतरा, टेप लावा, पुन्हा उतरा. लगेच निम्मं दुखणं कमी झालं तर पहिले तीन-चार आठवडे व्यायामाच्या आणि धावण्याच्या दिवशी वापरा. वाटी जागेवर सरकली म्हणून बरं वाटतं असं मी म्हणणार नाही, पण वेदना कमी झाली की मांडी मोकळेपणाने जोर लावते, तेवढा फायदा घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात घामाने टेपखाली पुरळ येतं, म्हणून आधी मऊ पांढरी पट्टी लावा आणि रात्री काढून ठेवा.

‘कॉन्ड्रोमलेशिया ग्रेड १’ने तुमची झोप उडालेली दिसते. कूर्चेला वेदनेच्या नसाच नसतात. वाटी दुखणाऱ्यांचे आणि न दुखणाऱ्यांचे एमआरआय शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा कूर्चेतल्या अशा बदलांवरून कोण कोणत्या गटातला हे ओळखता आलं नाही. वाटीचा करकर आवाजही तसाच, दुखत नसेल तर सोडून द्या. माझ्या मते तुमच्या वयात, तुमच्या लक्षणांवर एमआरआयची गरजच नव्हती. मात्र गुडघा अडकणं, वाटी बाजूला सरकल्यासारखी वाटून पाय कोसळणं, अचानक मोठी सूज, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. तुमच्या घरातल्या कुणा दहा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर हेच लागू, कारण मुलांत खुब्याचा आजार कधीकधी गुडघ्यात दुखतो.

धावणं बंद करू नका, पण आखडतं घ्या. ज्या अंतरापर्यंत दुखणं तीनच्या आत राहतं ते अंतर शोधा, दोन किलोमीटर असेल तर दोन. कमी अंतर, जास्त दिवस, उतार आणि पायऱ्या काही काळ बाजूला. क्यूबेकमध्ये ६९ धावपटूंवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला फक्त भार कसा कमी-जास्त करायचा एवढंच शिकवलं होतं. आठ आठवड्यांनंतर तो गट व्यायाम शिकवलेल्या आणि धावण्याची ढब बदललेल्या गटांइतकाच सुधारला. मग व्यायाम कशाला, असं विचाराल. तुम्हाला फक्त धावायचं नाही, सॅक पाठीवर घेऊन गड उतरायचाय, म्हणून. आणि एक युक्ती: तुमची मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि वेग तोच ठेवून ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. पावलं आखूड पडतात आणि वाटीवरचा भार कमी होतो. दहा टक्के वाढवली तर दर पावलामागे सुमारे १४ टक्के कमी, असं मोजलं गेलंय.

रोजच्या गोष्टी: खुर्चीत अर्ध्या तासाने पाय लांब करा. मांडी घालून जेवायला बसून त्रास होत नसेल तर बसा. भारतीय शौचालय आणि उकिडवं बसणं पहिल्या महिन्यात टाळता आलं तर टाळा, नाहीतर उठताना हाताचा आधार घ्या. वज्रासन सध्या नको, सूर्यनमस्कार चालतील.

वेळ किती लागेल? नीट वजन वाढवत गेलात तर सहा आठवड्यांत जिन्यावर फरक कळायला हवा, भरवसा वाटायला बारा. सगळ्यांचं पूर्ण जातं असं मी लिहिणार नाही. हे दुखणं चिवट आहे, बऱ्याच जणांना काही वर्षांनीसुद्धा मधूनमधून आठवण करून देतं, आणि जितकं जुनं होतं तितकं हटायला वेळ घेतं. तुमचे चार महिने झालेत, तेव्हा ‘आधी व्हीएमओ जागा होऊ दे, मग बघू’ म्हणून आणखी थांबू नका.

ट्रेकचं असं करा. आत्तापासून जून अखेरपर्यंत तुमच्याकडे जवळपास बारा आठवडे आहेत. पहिले चार आठवडे सिंहगड नको, किंवा पायी चढा आणि जीपने उतरा. चढण्याने मांडीला काम मिळतं आणि नुकसान करणारा उतार टळतो. पायरीवरून टाच टेकवायचा व्यायाम उजव्या पायावर सलग २० वेळा, दुखणं दोनच्या आत ठेवून जमला, की अर्धा उतार पायी. पुढच्या सकाळी गुडघा शांत असेल तर दोन आठवड्यांनी पूर्ण. पावसाळ्यातला पहिला ट्रेक राजमाचीसारखा, लोणावळ्याकडून जाणारा लांब पण सपाट वाटेचा निवडा. तिथून कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या बाजूने उतरू नका, ती वाट निसरडी आणि खडी आहे. दोन्ही हातांत काठ्या घ्या.

आज पाटावरून उजव्या पायाने किती वेळा उतरता येतं आणि त्या वेळी दुखणं दहापैकी किती, हे दोन आकडे इथे लिहा. सोबत दुखणं सुरू होण्याआधीच्या सहा आठवड्यांचे किलोमीटर. म्हणजे सॅकमध्ये किती वजनाने सुरुवात करायची ते सांगते.